बाबांचं पाताळातलं तेल

माझ्या वडिलांनी सायकल सोडून कधी मोटारसायकल घेतली नाही. आयुष्यात त्यांनी पेट्रोल विकत आणलं असेल तर ते पॅंटवरचा ग्रीसचा डाग काढायला. पण जमिनीखाली हे पेट्रोल तयार कसं होतं, यावरून आमच्या घरात चाळीसेक वर्षं भांडण चाललं. इतर घरांत शेताच्या धुऱ्यावरून भांडतात, आहेरावरून भांडतात. आम्ही आमच्यापासून शेकडो कोसांवर असलेल्या तेलावरून भांडायचो, आणि तेही मन लावून.

बाबा बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीत शाळेत विज्ञान शिकवायचे. पुस्तकातला धडा ते अगदी प्रामाणिकपणे शिकवत. समुद्रातले बारीक जीव आणि शेवाळ मरतात, तळाशी गाळात पुरले जातात, वरचा दाब आणि खालची उष्णता यांनी कोट्यवधी वर्षांत त्यांचं तेल आणि वायू होतो. प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देत, वह्या तपासत. मग पुस्तक मिटून खुर्ची खिडकीशी ओढत आणि म्हणत, "हे झालं परीक्षेपुरतं. आता माह्यं ऐका."

त्यांचं म्हणणं असं, की तेलाचा आणि मेलेल्या जिवांचा काही संबंध नाही. कार्बन पृथ्वीच्या पोटात तिच्या जन्मापासूनच आहे. तिथल्या भयानक दाबाखाली त्याचं तेल होतं, वायू होतो आणि तो खडकांच्या भेगांमधून वर येतो. हे त्यांच्या मनाचं नव्हतं. एकदा चिखलीला पुस्तकांची गाडी आली होती. रशियात छापलेली, गुळगुळीत कागदाची, मराठीत भाषांतर केलेली पुस्तकं तिच्यात होती. बाबांनी पाच घेतली. त्यांतल्या एकात, तिकडचे काही भूवैज्ञानिक असं मानतात, अशी माहिती होती. दीड पान. माझ्या वडिलांनी त्या दीड पानावर आख्खा जन्म काढला.

नववीत त्यांनी मलाही शिकवलं. वार्षिक परीक्षेत मी पुस्तकातलं उत्तर लिहिलं. त्यांनी पूर्ण गुण दिले आणि समासात लाल शाईने लिहिलं, "उत्तर बरोबर. पण तुझं मत काय?" मला राग आला होता. घरी हाच प्रश्न, शाळेत हाच प्रश्न, निदान उत्तरपत्रिकेत तरी सुटका हवी होती.

मी पुढे भूशास्त्र घेतलं, ते त्यांच्याच आग्रहामुळे. आपल्या बाजूचा एक शिकलेला वकील घरात तयार होईल, अशी त्यांची कल्पना असावी. एम.एस्सी. करून मी परतले ती थेट विरुद्ध पक्षात. पहिल्याच सुटीत, ओट्यावर बसून, मी त्यांना ठणकावून सांगितलं, की कच्च्या तेलात पानांच्या हिरव्या द्रव्याचे तुकडे सापडतात. म्हणजे ते सजीवांपासूनच आलं. विषय संपला.

बाबांनी चहाचा घोट घेतला. "नळाच्या पाण्यात गंज सापडते. म्हणून पाणी गंजापासून बनते काय बाई? तेल वर येता येता वाटेत पानं-शेवाळ भेटलं असंन, घेतलं त्यानं सोबत."

दोन दिवस मी धुमसत होते. पुढे वाचताना कळलं, की त्या रशियन पंथाचे लोक खरोखरच असाच युक्तिवाद करतात. बाबांच्या दीड पानात तो नव्हता. तो त्यांनी चहा पिता पिता स्वतः काढला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

नंतर मी बुलढाण्याला कॉलेजात शिकवायला लागले, लग्न झालं, मुलगा झाला. उंद्री काही लांब नाही, तरी जाणं महिन्या-दोन महिन्यांनी. मात्र दर रविवारी सकाळी, पेपर वाचून झाला की बाबांचा फोन यायचा. नमस्कार-चमत्कार नाही. "अमुक ठिकाणी दगडात गॅस सापडला म्हणतात, यावर तुह्यं काय म्हणणं हाय?" अशी थेट सुरुवात. अर्धा-पाऊण तास कसा जायचा कळायचं नाही. माझा नवरा तोवर पोहे करून, खाऊन, ताटली धुऊन मोकळा व्हायचा. एकदा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले तरी मला पत्ता नव्हता, कारण त्या रविवारी आम्ही नैसर्गिक वायूवर होतो.

लोणारचं उल्केचं विवर आमच्याच जिल्ह्यात, हा तर बाबांच्या हातातला हुकमी पत्ता. स्वीडनमध्ये उल्का पडून झालेल्या एका जुन्या विवराजवळ खडकात खोल भोक पाडून पाताळातला वायू शोधला गेला होता, हे मीच मूर्खासारखं त्यांना सांगून बसले. झालं. "मग लोणारले काऊन नाई पाडत?" त्यांनी निरनिराळ्या कचेऱ्यांना सुवाच्य अक्षरात पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही. स्वीडनमध्ये तेवढ्या खटाटोपातून हाती फारसं काही लागलं नव्हतं, हे मी तीन-तीनदा सांगितलं, पण ते वाक्य टेलिफोनच्या तारेतच कुठेतरी अडकायचं.

मग दोन वर्षांपूर्वी बोअरचं प्रकरण झालं.

आमच्या गोठ्यामागे बाबांनी एक बोअर मारली होती. तीनशे फूट काळा दगड फोडून खालून फक्त धूळ आली. कोरडी बोअर लोक बुजवतात किंवा विसरतात. बाबांनी कुठल्याशा माहितीपत्रकात वाचलं, की छपराचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडलं तर जमिनीतलं पाणी वाढतं. त्यांनी भोवती खड्डा खणला, दगड, वाळू, कोळसा असे थर रचले आणि सगळ्यांत जवळच्या छपराचं पाणी नाली काढून त्यात वळवलं. सगळ्यांत जवळचं छप्पर गोठ्याचं. नाली गोठ्याच्या कडेने. वर शहाबादी फरशी टाकून ते निश्चिंत झाले.

तीन पावसाळे गेल्यावर, पाणी लागलं का ते बघायला त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. हे गावातले पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे, बाबांचेच एकेकाळचे विद्यार्थी, आता स्वतः नातवंडांचे आजोबा. त्यांनी फरशी सरकवली, केसिंग पाइपचं झाकण काढलं आणि वाकून आत पाहिलं. तोंडात बिडी होती. भक्कन आवाज झाला. मिस्त्री मागे बसले ते शेणातच. माणूस धडधाकट, फक्त भुवया गेल्या.

"सर," ते म्हणाले, "अल्लाकसम, तुमच्या बोअरनं माह्या भुवया नेल्या."

मला फोन आला तो बुधवारी. बुधवारी बाबांचा फोन म्हटल्यावर मी वर्ग अर्धा सोडून बाहेर आले. पलीकडून आवाज एकदम तरुण. "लगेच ये. अन् येताना माचिस घेऊन नको येऊ."

मी पोचले तेव्हा केसिंगवर पत्र्याचं नरसाळं उलटं बसवलं होतं, त्याला लांब नळी, आणि नळीच्या टोकाशी करंगळीएवढी निळी ज्योत. मी आधी ओरडले आणि ती विझवायला लावली. मग बाबांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. मिस्त्री आणि आई प्रेक्षक.

"हा दगड कोणता?"

"बेसाल्ट."

"कशापासून झाला?"

"लाव्हारसापासून."

"लाव्ह्यात मासोळ्या होत्या?"

"नाई."

"शेवाळ?"

"नाई, बाबा."

"मग हा गॅस कोणाचा?"

मी नालीकडे पाहिलं. वाळू आणि कोळसा पहिल्याच पावसात कुठे गेले कुणास ठाऊक. नालीत शेण, गोमूत्र आणि सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसकट यांचा बोटभर थर वाळून बसला होता आणि त्याची वाट सरळ बोअरच्या तोंडाशी जात होती. कॉलेजात जे समजायला पोरांना एक सत्र लागतं ते मला दहा सेकंदांत समजलं.

"म्हशींचा," मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे, शिकून वाया गेलेल्या पोरीकडे बघावं तसं बघत राहिले. आईने मात्र मान डोलावली. तिच्या माहेरी गोबरगॅसची शेगडी होती. "मी कालच म्हटलं, तोच वास येते म्हणून," ती म्हणाली. "पंचावन्न वर्सं झाली या घरात शेण काढून राह्यली मी. मले कोणी विचारलं नाई."

"वासावर विज्ञान चालत नाई," बाबा म्हणाले.

आठवडाभर लोक ज्योत बघायला येत होते आणि आई चहा करत होती. मी कितीही बजावलं तरी नळी पेटतच होती. शेवटी तोडगा बाबांनीच काढला. "तपासून घे. पण नमुना मी भरतो. तुह्यावर भरोसा नाई." शाळेत त्यांचा एक नियम होता. एखाद्या विद्यार्थ्याने सरांची चूक सिद्ध केली, तर सर बरोबर वाक्य फळ्यावर दहा वेळा लिहीत. पोरं या एका आशेवर विज्ञानाचा अभ्यास करायची. "मी चुकलो तं दहा वेळा लिहीन," त्यांनी मिस्त्रींच्या साक्षीने जाहीर केलं. मी चुकले तर काय, हे मी विचारलं नाही. चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यांनी काचेची बाटली पाण्याने भरली, बादलीत उपडी धरली, नळी खाली सरकवली आणि बुडबुड्यांनी पाणी खाली ढकलू दिलं. वायू गोळा करण्याचा नववीच्या पुस्तकातला प्रयोग. वयाची ऐंशी वर्षं उलटली तरी त्यांचा हात हलत नव्हता. बूच लाखेने बंद करून त्यावर कागदाची पट्टी आणि पट्टीवर सही, जशी बोर्डाच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर करायचे तशी.

माझी एक वर्गमैत्रीण दूरच्या शहरात प्रयोगशाळेत आहे. बाटली मी स्वतः बसने नेली, मांडीवर धरून. शेजारच्या बाईने विचारलं, "गंगाजल हाय का?" मी हो म्हटलं. तिने हात जोडले. बाबांच्या गॅसला तेवढा मान तरी मिळाला.

निकाल दोन महिन्यांनी आला. कार्बनचे हलके आणि जड असे प्रकार असतात. जंतू हलका जास्त उचलतात. आमच्या वायूत तो हलकाच जास्त होता. शिवाय कार्बनचा आणखी एक प्रकार असतो, जो हळूहळू नष्ट होत जातो. लाखो वर्षं जमिनीखाली राहिलेल्या कार्बनमध्ये तो उरत नाही. आमच्या बाटलीत तो चांगला भरपूर होता. थोडक्यात, हा कार्बन अलीकडेच हिरव्या चाऱ्यात होता, म्हशीने तो खाल्ला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

तो कागद घेऊन मी उंद्रीला गेले तेव्हा मला काय आनंद झाला होता, ते सांगायला आज लाज वाटते. मिस्त्रींना मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांच्या भुवया अर्ध्या आल्या होत्या. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "बाबा, पाताळातून आलेला गॅस आपल्या दोन म्हशींनी पाठवला हाय. पोच द्या." मिस्त्री हसले, आई तोंडाला पदर लावून हसली. बाबाही हसले, पण जरा उशिरा.

त्यांनी कागद दोनदा वाचला. दोन प्रश्न विचारले. दोन्ही असे, की माझ्या वर्गातल्या कुणी विचारले असते तर मी त्याला चहा पाजला असता. मी उत्तरं दिली. मग ते आत गेले, वही आणली आणि ओट्यावर बसून लिहायला लागले. दहा वेळा. मी मागून वाकून पाहिलं. "खनिज तेल व नैसर्गिक वायू सजीवांच्या अवशेषांपासून तयार होतात."

खरं तर त्यांनी लिहायला हवं होतं ते इतकंच, की आमच्या बोअरमधला वायू शेणाचा आहे. त्या कागदाने निकाल लागला होता तो एका बोअरचा. मी भूशास्त्र शिकवते, मला हे कळत होतं. पण माझं भांडण संपत होतं आणि मी जिंकत होते, तेव्हा मी तोंड मिटून घेतलं आणि त्यांना दहाच्या दहा ओळी लिहू दिल्या.

पुढच्या रविवारी फोन आला. "कशी हायेस? तब्येत बरी? जावई बरे? बरं, ठेवतो." दीड मिनिट. मला वाटलं, घाईत असतील. त्याच्या पुढच्या रविवारी एक मिनिट. त्यानंतर फोन आई करायला लागली आणि शेवटी म्हणायची, "बाबा म्हणतात, तब्येतीची काळजी घे." आमच्या घरात तब्येतीवर बोलायची पद्धत नव्हती. मी घाबरले.

मी उंद्रीला जाऊन आले. बाबांनी स्वतःच्या हाताने नाली बुजवली होती. गावात कुणी "सर, म्हशीचं पेट्रोल किती झालं?" असं विचारलं, तर ते हसून पुढे जात. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. चेष्टा तर त्यांची आम्ही जन्मभर करत आलो होतो. मी एक-दोनदा डिवचून पाहिलं. "लोणारचं काय करायचं मग?" ते म्हणाले, "ते आता तुमी लोकं पाहा." ते "तुमी लोकं" मला फार लागलं. मी परतले आणि दोन दिवस वर्गात खेकसत होते.

मग एका रविवारी सकाळी आईने सांगितलं, "रशियाची पुस्तकं फडक्यात बांधून माळ्यावर टाक म्हणून राह्यले. मी म्हटलं, माह्यानं शिडी चढणं होत नाई. तं म्हणे, मिस्त्रीले बोलावतो."

मी फोन ठेवला. पोहे समोर होते, ते बाजूला सारले. मनात नुसतं येत होतं, की या माणसाने मला आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली, की उत्तर बरोबर लिही आणि मग स्वतःला विचार. आणि मी त्यांना फक्त हरवायला शिकले. तेल सजीवांपासून होतं, असंच मी आजही मानते. बहुतेक सगळं भूशास्त्र तसंच मानतं. पण नैसर्गिक वायूत मुख्य असतो तो मिथेन थोडाफार सजीवांशिवायही तयार होतो, समुद्रतळाच्या खडकांत तो सापडलाय, हे मला माहीत होतं. आणखीही एक गोष्ट माहीत होती. ती मी त्यांच्यापासून जपून ठेवली होती. विसरले वगैरे नव्हते, चांगली लपवून ठेवली होती.

मी परत फोन लावला. "बाबांले दे," आई काही बोलायच्या आत मी म्हटलं.

"काय झालं? तब्येत बरी हाय ना?" बाबा.

"बाबा, शनीचा एक मोठा चंद्र हाय. तिथं मिथेनचा पाऊस पडते. मिथेनची तळी हायेत, इकडून तिकडं दिसणार नाई एवढी. अन् आजवर तिथं एक जीव सापडला नाई. मासोळी नाई, शेवाळ नाई, काहीच नाई."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हे तुले कवापासून माहीत हाय?" बाबांनी विचारलं.

"हवेत मिथेन हाय हे एम.एस्सी.ले होती तेव्हापासून. तळी नंतर समजली."

"म्हंजे तीसेक वर्सं."

"हो."

"तीस वर्सं मी नळातल्या गंजावर भांडून राह्यलो तुह्याशी. अन् तू हे दाबून बसली?"

"हरली असती मी, बाबा."

बाबा रागावले असतील, असं मी धरून चालले होते, आणि तो राग मला हवाच होता.

"मंग हरायचं होतं ना पोरी," ते म्हणाले. "मी काय परका होतो?"

मला रडू आलं. ते त्यांना ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक, कारण त्यांनी तोवर आईकडे पेन मागितला होता आणि त्या चंद्रावर ऊन किती पोचतं, हे ते मला दुसऱ्यांदा विचारत होते.